घासणी कुणाच्या हातात

मावशींनी पिशवीतून घासणी काढली आणि काउंटरवर ठेवली. नारळाच्या काथ्याची, गोल, मध्ये तारेने आवळलेली. महिन्याभरापूर्वी मीच विकलेली, पण त्यांना नाही. त्या ज्या घरी भांड्यांना जातात, तिथल्या मॅडमना.

“ताई, ही परत घ्या.”

मला वाटलं, सुटली असेल. उलटसुलट करून पाहिली तर धडधाकट. मी विचारलं, “काय झालं हिला?”

“तिला काय होतंय? मलाच झालंय.” मावशींनी दोन्ही तळवे पुढे केले. बोटांच्या पेरांवर बारीक चरे, अंगठ्याच्या मुळाशी साल निघालेली. “मॅडमनी हिरवी घासणी टाकली, तारेची टाकली. म्हणाल्या, आता घरात प्लास्टिक नको. ही आणली. हिनं कुकरचा तळ निघत नाही, जळकी कढई निघत नाही. जोर लावायचा मी. वर काथ्या सुटून सिंकच्या जाळीत बसतो, तो पण मीच काढायचा. एका घरात पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात. मला सहा घरं आहेत.”

मी गप्प. लाज वाटते सांगायला, पण माझ्या ओठांवर पहिलं वाक्य आलं होतं ते, ‘बिल आणलंय का?’ गिळलं ते.

जाता जाता त्या म्हणाल्या, “तुम्ही विकता, मॅडम घेतात, घासते मी. मला कुणी विचारलं का?”

ही गोष्ट २०२१ च्या पावसाळ्यातली. दुकान उघडून तोवर तीन वर्षं होत आली होती आणि पर्यावरणाचं आपल्याला बऱ्यापैकी कळतं, असा माझा समज झाला होता.

दुकान बोरीवली पश्चिमेला, बाभईतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. जेमतेम दीडशे चौरस फूट. त्याआधी बावीस वर्षं मी अंधेरीला एका कंपनीत हिशेब लिहीत होते. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार. त्या जूनमध्ये स्टेशनजवळच्या भाजीबाजारात जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मासळीसाठी लोक स्टीलचे डबे घेऊन उभे, भाजीवाल्या ‘पिशवी आणली असेल तरच या’ म्हणून ओरडताहेत, आणि ऑफिसातून सुटलेली माणसं रुमालात टोमॅटो बांधून नेताहेत. सासूबाईंच्या जुन्या साड्यांचं एक गाठोडं माळ्यावर होतं. दोन रविवारांत मी चाळीस पिशव्या शिवल्या आणि तिसऱ्या रविवारी त्या बाजाराच्या तोंडाशी तासाभरात संपल्या. त्या दिवाळीत नोकरी सोडून दुकान टाकलं. सासरे म्हणाले, “सरकारी बंदीवर धंदा उभारू नये, बंदी दमते.” बंदी दमलीच, पण दुकान राहिलं.

पिशव्यांपाठोपाठ एकेक जिन्नस येत गेला. सोलापुरी चादरी, गोधड्या, केरसुण्या, खराटे, मातीची मडकी, वाळ्याचे पडदे, रिठा, शिकेकाई. साबण स्वतः करायचा म्हणून शिंपोली रोडवरच्या सी. बी. कोरा ग्रामोद्योग संस्थेत छोटा अभ्यासक्रम केला. बोरीवलीत ‘कोरा केंद्र’ म्हटलं की लोकांना आधी नवरात्रातला गरबा आठवतो. पण तिथे खादी-ग्रामोद्योग आयोगाची प्रशिक्षण संस्था आहे, हे दोन चौक पलीकडे राहून मलाही चाळिशी उलटल्यावर कळलं. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण अठरा ग्रॅम कॉस्टिक सोडा. जास्त झाला तर साबण हात भाजतो, कमी पडला तर तेलकट राहतो. वड्या पाडल्यावर चार-सहा आठवडे वाळवायच्या. हिशेबनीस बाईला हे काम आवडलं नसतं तरच नवल. मात्र पालिकेच्या तलावातल्या मऊ पाण्यात छान फेस देणारा तोच साबण बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात दह्यासारखा फाटतो आणि बादलीच्या कडेला राखाडी थर बसवतो, हा धडा वर्गात मिळाला नाही. तो बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या एका सोसायटीतल्या तीन बायकांनी एकाच आठवड्यात येऊन दिला. रिठ्याचं तसं होत नाही. जड पाण्यातही तो फाटत नाही, फेस मात्र कमी देतो, आणि आपल्याकडे फेस नाही म्हणजे स्वच्छता नाही.

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक सज्जन. मनापासून काहीतरी बरं करावं असं वाटणारं, आणि ते खरेदी करूनच होतं अशी खात्री असलेलं. नवीन टॉवरमध्ये घर घेतलेली जोडपी येतात. जुनी इमारत पाडायला दिलेली, दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढलेली, आता नव्या घरात सगळं ‘नॅचरल’ हवं असलेली. एका बाईंनी मला फोनवर फोटो दाखवला. पांढरी भिंत, वेताची टोपली, लाकडी दांड्याचे ब्रश ओळीने टांगलेले, खिडकीतून कोवळं ऊन. “असं ऊबदार घर हवंय.” मी ब्रश दिले, टोपली दिली. ऊन त्यांच्या फ्लॅटमध्ये येणार नव्हतं, समोर चोवीस मजली टॉवर होता. पण त्या फोटोत आणखी एक गोष्ट नव्हती, ती मला फार उशिरा दिसली. त्या ब्रशांनी घासणारं माणूस.

मावशी गेल्या त्या रात्री दुकान बंद करताना मी मांडणीवरून नजर फिरवली आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायला लागले: हे घेतं कोण आणि वापरतं कोण? दंतमंजन, उटणं, चादर, मडकं, ठीक. घेणारा तोच वापरणारा. पण घासण्या, ब्रश, फरशीची पावडर, संडासचं द्रावण, पोछा, कचऱ्याच्या पिशव्या? अर्धी मांडणी अशी निघाली की तिचे पैसे एकजण देतो आणि तिचे कष्ट दुसऱ्याला पडतात. पृथ्वीचा विचार झाला होता, नदीचा झाला होता, माशांच्या पोटातल्या प्लास्टिकचा झाला होता. सकाळी साडेसातला बेल वाजवणाऱ्या बाईच्या हातांचा राहून गेला होता.

माझी आजी राजापूरकडची. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, एवढ्यावर तिने आयुष्यभर भांडी घासली. राखेत क्षार असतो, तो तेलकटपणा कापतो, हे खरंच आहे. पण तिच्या टाचांइतकेच तिचे तळवे भेगाळलेले असायचे आणि रात्री ती त्यात कोकमचं तेल जिरवत बसायची, हेही मला आठवत होतं. दुकानात राखेची पाकिटं ठेवताना त्यातली पहिली आठवण मी गिऱ्हाइकांना सांगायचे. दुसरी कधी सांगितली नव्हती.

आठवड्याभराने मावशींना गाठलं. त्या लिंक रोडपलीकडच्या वस्तीतून चालत येतात, बाभईचा नाका त्यांच्या वाटेतच. मी म्हटलं, “मावशी, चार तऱ्हेच्या घासण्या देते. वापरून बघा आणि सांगा कुठली कशाला चालते.” मला वाटत होतं, मी फार मोठ्या मनाने फुकट देते आहे.

मावशींनी पदर खोचला. “म्हणजे तुमचं काम मी करायचं.”

“काम कसलं, नुसतं सांगायचंय.”

“वापरायचं, लक्षात ठेवायचं, येऊन सांगायचं. काम झालं की ते.”

बावीस वर्षं हिशेब लिहिले, पण ही नोंद कुठल्या खात्यात घालायची ते मला सुचलं नव्हतं. मग ठरलं. प्रत्येक वस्तूमागे शंभर रुपये, वस्तू त्यांची. नंतर त्यांनी आणखी दोघींना आणलं. एक दत्तपाड्यात काम करणारी, एक आय. सी. कॉलनीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीनला, दोन कामांच्या मधल्या वेळात, दुकानाच्या पायरीवर चहा आणि निकाल. त्या बैठकीला मी मनातल्या मनात ‘मानांकन समिती’ म्हणते. त्यांना सांगितलेलं नाही, हसतील.

त्यांचे निकाल माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. घोसाळ्याची वाळवलेली जाळी काचेला आणि नॉनस्टिकला उत्तम, हाताला मऊ. पण पावसाळ्यात दोन आठवड्यांत कुबट वास मारते, उन्हात टांगायला जागा असेल तरच द्या. काथ्याची घासणी फक्त लोखंडी तव्याला आणि खलबत्त्याला. कुकरला आणि दुधाच्या भांड्याला स्टीलची तारच हवी, त्याला इलाज नाही. म्हणून माझ्या पर्यावरणस्नेही दुकानात आता स्टीलच्या तारेच्या घासण्या मिळतात. काही गिऱ्हाइकांच्या भुवया उंचावतात. मी सांगते, स्टील भंगारात जातं आणि पुन्हा वितळतं. खरं कारण पायरीवर बसलेलं असतं.

लाकडी दांड्याच्या पोछ्याबद्दल तिघींचं एकमत होतं: दांडा आखूड. बहुतेक पोछे माणूस वाकेल अशा हिशेबानेच केलेले असतात. त्यापेक्षा उकिडवं बसून फडक्याने पुसणं बरं, असं त्या म्हणाल्या, आणि वर हसून, “गुडघे जायचे तर दोन्हीनं जातात.” वसईच्या एका सुताराकडून मी साडेचार फुटी दांडे करून घेतले. लाकूड जुन्या दारांच्या चौकटींचं. बोरीवलीत सध्या इतक्या जुन्या इमारती पडताहेत की सागवानाला तोटा नाही.

समितीचा सगळ्यांत मोठा निकाल मात्र मी विचारलेल्या प्रश्नाचा नव्हता. न्हाणीघराचं ॲसिड. एका बैठकीत आय. सी. कॉलनीवाल्या बाईंनी सांगितलं की मागे एका घरी संडासात ॲसिड ओतलं, त्यावरच ब्लिचिंग पावडर टाकली, आणि पिवळट धूर आला, डोळ्यांची आग झाली, श्वास घेता येईना. त्या खिडकीशी धावल्या. घरातल्यांनी पंखा लावला आणि पाणी दिलं, तेवढ्यावर ते मिटलं. तो धूर क्लोरीनचा. मिठाचं आम्ल आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली की हा वायू सुटतोच, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. बाटलीवर हे छापलेलं असतं, बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत. वाचायची पाळी जिच्यावर येते तिच्यासाठी ते छापलेलंच नसतं.

“त्याच्याऐवजी काही आहे का तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी पर्यावरणस्नेही वस्तू अशी गरज म्हणून मागत होतं. लिंबूसत्व होतं. नळावरचे, टाइलवरचे पांढरे डाग जड पाण्यातल्या चुन्याचे असतात, ते याने सुटतात. गरम पाण्यात विरघळवून लावा, अर्धा तास थांबा, मग घासा. धूर नाही, हात जळत नाहीत. ब्लिचिंग पावडरीशी मात्र हेही कधी मिसळायचं नाही, ते मी मोठ्या मराठी अक्षरांत पाकिटावर लिहून घेतलं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी एक चित्र काढलं. दोन बाटल्या आणि मध्ये फुली. माझं चित्र इतकं वाईट आहे की बघणारा आधी थांबतो, त्यामुळे उपयोग होतो.

थांबायला मीही शिकले, पण दुसऱ्याच्या फरशीवर. संत्र्या-मोसंब्यांच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने मुरवून जे आंबट द्रावण होतं, ते मी बाटल्यांत भरून विकत होते. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. वास छान येतो आणि गिऱ्हाइकाला घरचं वाटतं. एक्सरच्या एका बाईंनी ते पांढऱ्या संगमरवराच्या हॉलभर वापरलं. महिन्याभरात फरशीची चमक गेली, जिथे बादली ठेवली होती तिथे गोल डाग. आंबट म्हणजे आम्ल, आणि संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ. आम्ल त्याला खातं. आपल्या जुन्या ओट्यांचा काळा कडप्पाही चुनखडीच, त्यालाही हेच. ग्रॅनाइटला आणि साध्या टाइलला काही होत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. पॉलिशचे पैसे मी दिले, पण त्या बाईंनी मला एक गोष्ट सांगितली ती पैशांहून महाग पडली: डाग दिसल्यावर पहिले दोन दिवस त्यांनी दोष कामवालीला दिला होता. ती काम सोडून गेली. मी तिला शोधायचा प्रयत्न केला, सापडली नाही.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावणारेही खूप. फसफसतं म्हणून काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. हे सांगितलं की गिऱ्हाईक थोडं नाराज होतं, कारण फसफस बघण्यातच निम्मी मजा होती.

कचऱ्याच्या ‘विरघळणाऱ्या’ पिशव्यांचा भ्रम सुटायला जास्त वेळ लागला. २०१७ च्या २ ऑक्टोबरपासून मोठ्या सोसायट्यांनी ओल्या कचऱ्याचं खत जागेवरच करावं, असा पालिकेचा नियम आला. रोज शंभर किलोहून जास्त कचरा किंवा वीस हजार चौरस मीटरहून मोठं आवार असलेल्यांसाठी. त्यामुळे आमच्या भागात अशा पिशव्यांना मागणी आली. मी विकल्या. एका सोसायटीच्या खतखड्यात पाच महिन्यांनी जाऊन पाहिलं, तर केळीची साल माती झाली होती आणि माझी पिशवी नावासकट वाचता येत होती. या पिशव्यांच्या चाचण्या कारखान्यातल्या खतप्रकल्पाच्या उष्णतेत होतात, साठ अंशांच्या आसपास. सोसायटीच्या पिंपात ती ऊब टिकत नाही. मग त्या पिशव्या खतातून वेचायच्या कुणी? तिथल्या सफाई कामगाराने, हाताने. आणि पिशवीआधीचा प्रश्न तर आणखी साधा आहे. ओला-सुका वेगळा करते कोण? बहुतेक घरांत मावशीच. मालकीण दोन डबे विकत घेते, मावशी एकातलं दुसऱ्यात टाकते.

गोराईच्या जेट्टीकडे गेलं की पलीकडे विपश्यनेचा पॅगोडा दिसतो आणि खाडीच्या अलीकडे एक हिरवी टेकडी दिसते. ती टेकडी नाही. १९७० च्या दशकापासून साठलेला आमचा कचरा आहे. २००७ मध्ये तिथे टाकणं थांबलं, वर माती-कापड घालून ती शास्त्रीय पद्धतीने बंद केली, पोटातला वायू काढायला नळ्या बसवल्या. कचरा आता मुख्यतः कांजूरमार्गला जातो, म्हणजे आमच्या नाकापासून लांब. फेरीबोटीची वाट बघताना मुलं तिथे ‘डोंगर डोंगर’ म्हणतात. मी सुधारत नाही.

खरेदी करताना कशावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणस्नेही मालासाठी ‘इकोमार्क’ सुरू केला. त्याचं चिन्ह मातीचं मडकं. इतकं आपलं चिन्ह दुसरं कुठलं असेल? पण माझ्या दुकानात आलेल्या एकाही मालावर ते मडकं मी पाहिलं नाही, खऱ्या मडक्यांवरही नाही. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले, आणि त्याच वर्षी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ असे दावे पुराव्याशिवाय करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. बघू. गालिच्यांसाठी मात्र एक चिन्ह खरोखर कामाचं ठरलं. कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने १९९४ मध्ये सुरू झालेलं ‘रगमार्क’, आता त्याला ‘गुडवीव’ म्हणतात. हा गालिचा मुलांच्या हातांनी विणलेला नाही, हे ते मुख्यतः सांगतं. म्हणजे हातांबद्दल सांगतं. बाकी बहुतेक चिन्हं पाणी, झाडं, हवा यांच्याबद्दल बोलतात.

बांबूच्या टॉवेलचं उदाहरण घ्या. मऊ, महाग आणि हल्ली सगळ्यांना हवा असलेला. बांबूची टोपली किंवा सूप वेगळं, पण बांबूचं मऊ कापड म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोस. बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइडसारख्या रसायनाच्या मदतीने विरघळवून काढलेला धागा. हे रसायन कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जातंतूंना इजा करतं, हे शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये कोल्स आणि वॉलमार्ट या दोन साखळी दुकानांवर रेयॉनला ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल कारवाई केली आणि दोघांना मिळून पंचावन्न लाख डॉलर भरावे लागले. मी बांबूचे टॉवेल ठेवणं बंद केलं. सोलापूरचे साधे टेरी टॉवेल ठेवते. पाणी टिपतात, दोन वर्षं टिकतात, मग फरशीचं फडकं होतात.

गोधडीवर मात्र मी नेहमी हरते. हाताने, धावदोऱ्याने घातलेली डबलबेडची गोधडी म्हणजे एका बाईचे दहा-बारा दिवस. दिवसाला साडेतीनशे जरी धरले तरी चार हजारांच्या घरात जाते, सूत आणि माझं भाडं वेगळं. गिऱ्हाईक मशीनची रजई बाराशेला बघून आलेलं असतं. “बेन, थोडं कमी करो ने,” म्हणणाऱ्या काकी मला आवडतात, त्यांच्याकडे निदान उघड घासाघीस असते. पण एक बाई आल्या, गोधडीवर हात फिरवला, “किती प्रेमाने शिवलीय,” म्हणाल्या, आणि अडीच हजार सांगितले. मी म्हटलं, “प्रेम फुकट आहे, दीड हजार टाक्यांचे कमी पडताहेत.” त्या परत आल्या नाहीत. दुकानदाराने असं बोलू नये, हे मला मान्य आहे.

आता माझा एक नियम आहे, फळ्यावर लिहिलेला नाही. कुणी स्वयंपाकघराचं किंवा साफसफाईचं सामान घ्यायला आलं की विचारते, “घरी काम कोण करतं?” बहुतेकांना प्रश्न विचित्र वाटतो. काहीजणी म्हणतात, मीच. मग बोलणं सरळ होतं. काहीजणी म्हणतात, बाई आहे. मग मी म्हणते, एकदा त्यांना घेऊन या, किंवा दोन नमुने न्या आणि त्यांना ठरवू द्या. यात विक्री बुडते. नमुने परत येतात, कधी वापरलेले. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, मंडळ आहे. माझ्या समितीतल्या तिघींपैकी एकीचीच नोंदणी झालेली होती, उरलेल्या दोघींचे कागद भरायला सोमवारचा चहा कामी आला. त्याचा आणि घासणीचा संबंध काय, असं यजमानांनी विचारलं. मला उत्तर नीट देता आलं नाही.

मागच्या महिन्यात एक मॅडम आल्या, वझिरा नाक्याजवळच्या नव्या इमारतीतल्या. मी प्रश्न विचारला. त्या हसल्या, बाहेर गाडीत बसलेल्या बाईंना हाक मारली. चाळिशीच्या असतील, हातात भाजीची पिशवी. दाराशीच थांबल्या. मी काउंटरच्या खालून तीन ब्रश काढले आणि मॅडमच्या हातात न देता त्यांच्यापुढे धरले. “बघा, कुठला बरा वाटतो.”

त्यांनी ब्रश घेतला नाही. आधी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं. मॅडम फोनमध्ये होत्या. मग पिशवी खाली ठेवली, एक ब्रश उचलला, वाकून दुकानाच्या फरशीवर दोनदा फिरवला, सरळ उभ्या राहिल्या आणि कंबरेवर हात ठेवून हळूच म्हणाल्या,

“ह्याचा दांडा आखूड आहे.”

मॅडमनी मान वर केली.